दाब ठीक आहे, जेवून घ्या

मित्रांनो, अकरा ओळींचा एवढासा जीव माझा, आणि त्यात भीती मात्र भरपूर. मी एक जुना दुभाष्या आहे. मला तोंड नाही, हातपाय नाहीत. कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात, बॉयलरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. त्याच्यातल्या एका प्रोग्राममध्ये, दोन भाषांच्या मधोमध मी राहतो. एकीचं बोलणं दुसरीला सांगायचं आणि दुसरीचं उत्तर पहिलीला आणून द्यायचं, एवढंच माझं काम.

तुम्ही विचाराल, तुला डोळे नाहीत, कान नाहीत, मग ही गोष्ट तुला कशी ठाऊक? प्रोग्राम लिहिणारी माणसं आमच्या डोक्यावर टिपा लिहून ठेवतात. त्या टिपा म्हणजेच आमची आठवण. माझ्या डोक्यावर दोन बायकांच्या टिपा आहेत. पहिली जिने मला जन्म दिला तिची, आणि दुसरी तिच्या भाचीची. त्या टिपांतलं आणि मी स्वतः सोसलेलं, असं मिळून तुम्हाला सांगतो.

माझ्या खाली एक म्हातारी लायब्ररी राहते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. वाफेचा दाब मोजणारं यंत्र ज्यांनी बनवलं, त्यांनीच त्या यंत्राशी बोलण्यासाठी लिहून दिलेली ही कामांची गाठोडी. ती सी नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेली आहे. मी तिला ‘खालची’ म्हणतो. खालची यंत्राशी थेट बोलते, झटपट बोलते, पण पुढचामागचा विचार करत नाही. तिला म्हटलं ‘या जागी आकडा लिही’, की ती लिहिते. ती जागा रिकामी आहे की तिथे दुसऱ्याचं काही ठेवलंय, हे बघणं तिच्या गावी नाही.

माझ्या वर दुसरी भाषा आहे. तिला मी ‘वरची’ म्हणतो. वरची फार शिस्तीची. तिचं सगळं काम गणितासारखं चालतं. तिचा एक नियम आहे: तोच प्रश्न असेल तर उत्तरही तेच. सातात पाच मिळवले की बारा. सकाळी बारा, संध्याकाळी बारा. मग पुन्हा पुन्हा बेरीज कशाला करायची? म्हणून ती एकदा मिळालेलं उत्तर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तेच काढून देते. यात तिचे कष्ट वाचतात आणि चुकाही कमी होतात.

पण मित्रांनो, वाफेचा दाब म्हणजे सात अधिक पाच नव्हे. तो आत्ता एक असतो आणि घटकाभराने दुसराच. हे वरचीला कळावं म्हणून माझ्या कपाळावर दोन इंग्रजी अक्षरांचा एक शब्द लिहिलेला असतो: आयओ. त्याचा अर्थ असा, की हे उत्तर बाहेरच्या जगातून येतं, ते बदलतं, म्हणून जपून ठेवू नकोस, दर वेळी नव्याने विचार. माझ्या कपाळावर जे लिहिलं असेल ते वरची खरं मानते. तिला खाली डोकावून पडताळता येत नाही. खालची काय आहे नि कशी आहे, हे तिला फक्त माझ्या कपाळावरून कळतं. माझ्या सगळ्या भीतीचं मूळ इथेच आहे.

माझा जन्मही भीतीतूनच झाला. मला लिहिणारी बाई एका कचेरीत प्रोग्राम लिहायची, आणि तिचा नवरा या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. बॉयलर म्हणजे पाण्याची बंद टाकी, तिच्याखाली तेलाचा बर्नर. पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ नळांमधून भिंतीपलीकडे जाते. तिकडे इस्पितळांच्या चादरी तापलेल्या रुळांवरून कोरड्या होऊन बाहेर पडतात, आणि नऊ बायका त्यांच्या घड्या घालतात. हा दाब किलोत मोजतात; तो दहाच्या वर गेला तर टाकी फुटू शकते. नवरा दिवसभर त्या टाकीजवळ उभा असायचा, आणि बायकोचा जीव दिवसभर टांगणीला.

एकदा तो घरी आला आणि हात धुता धुता म्हणाला, “आज जरा डोळा लागला गं. उठलो तेव्हा काटा नवावर.”

त्या आठवड्यात तिने यंत्र बनवणाऱ्यांकडून खालचीला मागवून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या पहिल्या ओळी लिहिल्या. दर दोन सेकंदांनी दाब विचारायचा. तो आठला पोचला की बर्नर बंद करायचा, सहावर उतरला की चालू करायचा, असा तिचा बेत होता.

सुरुवातीला मी सारखा मरायचो. प्रोग्राम दहा मिनिटं चालायचा आणि एकदम बंद पडायचा. कारण कळेना. दोन आठवडे ती डोकं धरून बसली. एका रविवारी ती टेबलावर कागदावर आकडे मांडत होती आणि नवरा टेबल आवरत होता. त्याने बशी उचलली, पेला उचलला, आणि तिच्या हाताखालचा कागदही उचलला. तिच्या पेनाची रेघ थेट टेबलावर उमटली.

“अहो! मी लिहितेय ना त्यावर!”

“मला वाटलं झालं तुझं. मी आवरत होतो.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग ओरडली, “हेच! हेच होतंय! तुम्हीच आहात तो!”

“आता मी काय केलं?”

मित्रांनो, वरचीच्या घरात एक सफाईवाला असतो. कोणाला न लागणारे कागद तो उचलून नेतो, म्हणजे जागा मोकळी राहते. खालची एका कागदावर आकडे लिहीत असायची. वरचीला तो कागद लागत नाही असं बघून सफाईवाला तो उचलायचा, आणि खालची त्या मोकळ्या जागेवर तशीच लिहीत सुटायची. त्याच दिवशी माझ्यात एक ओळ वाढली: खालचीचं काम संपेपर्यंत या कागदाला हात लावायचा नाही. त्यानंतर मी कधी तसा मेलो नाही. नवरा मात्र पुढे कित्येक वर्षं प्रत्येकाला सांगायचा, “प्रोग्राममधली चूक मीच शोधली. टेबल आवरून.”

ती म्हणायची, “शोधली नाही, करून दाखवली.”

मला बॉयलरच्या खोलीत बसवलं त्या दिवशी तिने माझ्या डोक्यावर टीप लिहिली: ‘हा आकडा बाहेरच्या जगातून येतो. जुन्या उत्तरावर विसंबू नका. दर वेळी विचारा.’ आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाबाचा आकडा येईल अशी सोय केली. दुपारी एक वाजता दाब आठाच्या आत असेल, तर आकड्याखाली एक ओळ यायची: ‘दाब ठीक आहे. जेवून घ्या.’

पहिल्या दिवशी ती ओळ वाचून तो हसला. मग त्याने डबा उघडला. त्यानंतर त्या ओळीशिवाय तो कधी जेवला नाही.

एका वाजता पलीकडच्या बायका वाफेचा व्हॉल्व्ह बंद करून जेवायला बसायच्या. वाफ घेणारं कोणी नसल्यामुळे दाब भराभर आठापर्यंत चढायचा, मी तो वर सांगायचो, आणि दहा मिनिटांत बर्नर बंद व्हायचा. मग खोलीत शांतता पसरायची. तो त्या शांततेत जेवायचा. ते माझे सुखाचे दिवस. सात वर्षांत मी कोट्यवधी वेळा जिना चढलो-उतरलो आणि एकदाही चुकीचं उत्तर आणलं नाही. दाब फार वाढला की बर्नर आपोआप बंद करणारं जुनं दाबाचं बटण कारखान्याने काढून टाकलं. ‘बाईंच्या प्रोग्रामपुढे त्याची गरजच काय?’ असं सगळे म्हणाले. मित्रांनो, कौतुक ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण तेव्हा मला पहिल्यांदा थंडी वाजल्यासारखं झालं. आता मधे मी एकटाच होतो.

मग एका वर्षी मला लिहिणारी बाई आजारी पडली, आणि थोड्याच महिन्यांत वारली.

नवरा पंधरा दिवसांनी कामावर आला. रोज सकाळी तो मऊ फडक्याने आमचा पडदा पुसायचा, कारण त्यावर तिचे शब्द यायचे. पण बॉयलरच्या तोंडावरची दाबाची जुनी घड्याळासारखी तबकडी तो पुसेनासा झाला. तिच्या काचेवर तेलाचा धूर साचला आणि आतला काटा दिसेनासा झाला. टाकीच्या माथ्यावर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब दहाच्या वर गेला की त्याने आपोआप उघडून वाफ सोडून द्यायची. तो अडकू नये म्हणून दर सोमवारी त्याचा दांडा एकदा ओढून बघायचा, अशी नवऱ्याची वीस वर्षांची सवय. तीही सुटली. सोमवार यायचा आणि जायचा. पडदा सांगतोय ना ठीक आहे, मग ठीक आहे, असं तो म्हणायचा.

दोन वर्षं अशी गेली. मग आमचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. नवा आणायचा ठरला, तेव्हा नवऱ्याच्या बहिणीची मुलगी पुढे आली. ती आपल्या मामीकडेच हे काम शिकली होती. ती म्हणाली, “मामा, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. मामीचं काम मीच हलवते.”

भाचीने मला उघडलं आणि मामीची टीप वाचून तिचे डोळे भरून आले. ती टीप तिने तशीच ठेवली. पण माझ्या कपाळावरचा शब्द तिला खटकला. आयओ हा शब्द तेलाच्या डागासारखा असतो. माझ्या उत्तराला जो जो हात लावेल, त्या त्या कामाच्या कपाळावरही तो लिहावा लागतो. त्यामुळे सगळ्या प्रोग्रामभर त्याचे डाग पडले होते. भाचीला वाटलं, दाब सांगणं म्हणजे एक साधं काम, यंत्राचा क्रमांक द्यायचा आणि आकडा घ्यायचा. मामी नेहमी म्हणायची, नीटनेटकं लिही. मग मामीचंच काम आपण नीटनेटकं करून ठेवू.

आणि तिने माझ्या कपाळावरची दोन अक्षरं पुसली.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. ‘दर वेळी विचारा’ ही टीप डोक्यावर तशीच होती, आणि विचारायला लावणारा शब्द मात्र गेला होता. वरचीने जराही तक्रार केली नाही. उलट प्रोग्राम चाळीस ओळींनी लहान झाला म्हणून भाची खूश झाली.

तिने निष्काळजीपणा केला असं म्हणू नका. तिने तपासून पाहिलं. एका सकाळी साडेअकरा वाजता तिने नवा कॉम्प्युटर लावला, जुना शेजारी चालू ठेवला, आणि दोघांचे आकडे ताडून पाहिले. प्रोग्राम चालू केला: सहा पॉइंट एक. जुन्यावरही सहा पॉइंट एक. बंद करून पुन्हा चालू केला: सहा पॉइंट सहा, तिकडेही तेच. तिसऱ्यांदा चालू केला: सहा पॉइंट चार. तिन्ही वेळा बरोबर! पण बरोबर का? तर प्रोग्राम नव्याने चालू झाला की वरचीकडे जपलेलं उत्तर नसतं, म्हणून पहिल्यांदा ती मला विचारतेच. चूक दुसऱ्या वेळी व्हायची होती, आणि दुसऱ्या वेळेपर्यंत भाची थांबलीच नाही.

“झालं मामा. जुना काढून टाकते.”

“तिची ओळ येते ना?”

“एक वाजता येईल. मामीचं एक अक्षरसुद्धा पडद्यावरून काढलं नाही मी.”

ती आपल्या कचेरीत गेली. पडद्यावर सहा पॉइंट चार होतं. वरचीने ते उत्तर जपून ठेवलं, आणि त्यानंतर मला एकदाही हाक मारली नाही.

मी दोन सेकंद वाट पाहिली. चार सेकंद. एक मिनिट. इतक्या वर्षांत मी एवढा वेळ कधी रिकामा बसलो नव्हतो. वर मला प्रोग्राम चालू असल्याचं कळत होतं. दर दोन सेकंदांनी वरची आपल्याच पेटीतून सहा पॉइंट चार काढायची आणि पडद्यावर मांडायची. बर्नर चालू होता, आणि सहा पॉइंट चार दाबाला तो बंद करायचं काही कारण नव्हतं.

एक वाजेपर्यंत फारसं बिघडलं नाही. पलीकडे चादरींची रास मोठी होती, बायका भरपूर वाफ घेत होत्या, दाब सात-साडेसाताच्या आसपास राहिला. मग एक वाजला. बायकांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि डबे उघडले.

पडद्यावर ओळ आली: ‘दाब ठीक आहे. जेवून घ्या.’

नवऱ्याने ती वाचली आणि डबा उघडला.

खाली म्हातारी बोलू लागली. यंत्राकडून आकडे घेत राहणं हे तिचं कामच. “आठ,” ती म्हणाली. “अरे, आठ झाले. विचार ना मला.”

मी काय करणार? मित्रांनो, दुभाष्याला आपणहून बोलता येत नाही. मला वरून कोणी विचारलं, तरच मी खाली विचारू शकतो. विचारल्याशिवाय आणलेलं उत्तर ठेवायला माझ्याकडे हातच नाही.

“साडेआठ.”

वरची शांतपणे सहा पॉइंट चार मांडत होती.

“नऊ. ऐकतोयस का? नऊ.”

ऐकत होतो. त्या वेळची माझी अवस्था मी तुम्हाला सांगू शकत नाही. खरी बातमी माझ्या पायाशी होती, ज्याने ती ऐकायला हवी तो माणूस माझ्या डोक्यावर बसला होता, आणि मधला मी, ज्याला याच एका कामासाठी जन्म दिला होता, मुका बसलो होतो. नुसता मुका नाही, खोटाही. कारण माझ्या कपाळाकडे बघूनच वरची निर्धास्त होती.

नवऱ्याने घास घेतला. दुसरा घेतला. मग तो चावता चावता थांबला. काहीतरी खटकत होतं. बर्नर अजून घोंघावत होता. रोज एव्हाना खोली शांत झालेली असायची. त्याने पडद्याकडे पाहिलं. ‘दाब ठीक आहे. जेवून घ्या.’ तिने म्हटलंय ना. तो पुन्हा खाली बघून जेवू लागला.

“साडेनऊ,” खालची म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “पावणेदहा.”

भिंतीत एक लहान खिडकी आहे. ती उघडली आणि घड्या घालणाऱ्या बायकांतली सगळ्यांत वयस्कर मावशी आत डोकावली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता.

“अहो बॉयलरवाले भाऊ, आमच्या डोक्यावरचा पाइप का थरथरतोय हो? पेल्यातलं पाणीसुद्धा नाचतंय.”

“काही नाही मावशी. दाब ठीक आहे. हे बघा, सहा पॉइंट चार.”

मावशीने पडद्याकडे पाहिलं. “मघाशी बारा वाजता मी आले होते तेव्हाही सहा पॉइंट चारच होतं.”

“असेल की.”

“आणि तेव्हा आमचा व्हॉल्व्ह उघडा होता. आता बंद केला तरी सहा पॉइंट चार? तुमचा आकडा जेवून झोपला की काय?”

नवऱ्याचा हात डब्यातच राहिला.

वीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. वाफेचा आकडा कधी स्वस्थ बसत नाही. तो जिवंत माणसाच्या नाडीसारखा सारखा हलतो. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि मनात मोजलं. एक, दोन, तीन... वीसपर्यंत. सहा पॉइंट चार.

तो उठला तेव्हा स्टूल पडलं. बॉयलरपाशी जाऊन त्याने शर्टाच्या बाहीने तबकडीची काच पुसली. दोन वर्षांचा धूर एकदम निघेना. त्याने थुंकी लावून पुसली. काटा लाल रेघेच्या पलीकडे होता. दहा आणि वर अर्धा.

त्याने आधी हाताने बर्नर बंद केला. घोंघावणं थांबलं. मग तो खिडकीकडे वळून ओरडला, “मावशी, सगळ्यांना बाहेर काढा! डबे राहू द्या, चपला राहू द्या, अंगणात जा!”

“अगं बाई! उठा गं, उठा!” मावशीचा आवाज पलीकडे घुमत गेला.

बर्नर बंद झाला तरी तापलेली वाफ लगेच थोडीच निवते? सेफ्टी व्हॉल्व्हने केव्हाच उघडायला हवं होतं, पण कित्येक सोमवार कोणी त्याच्याकडे फिरकलं नव्हतं. त्याच्या तोंडाशी क्षार धरले होते. नवरा शिडीवर चढला, दांडा धरून ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. त्याला पळून जाता आलं असतं, पण अंगणात अजून बायकांची पावलं वाजत होती. त्यावरून त्याने बायका मोजल्या, पाच... सहा... नऊ व्हायच्या होत्या. त्याने पाना घेतला आणि दांड्याच्या मुळाशी एक ठोका दिला. दुसरा दिला.

तिसऱ्या ठोक्याला व्हॉल्व्ह उघडला. खोली पांढरी झाली. तो आवाज असा होता, की अंगणातल्या बायकांनी कान धरून खालीच बसकण मारली.

“नऊ,” खालची म्हणाली. “आठ. सात.”

पडद्यावर अजून सहा पॉइंट चारच होतं. दाब खाली येता येता एका क्षणी त्या आकड्यावरून गेला, तेव्हा पडदा खरं बोलला. पण ते नुसतं योगायोगाचं खरं.

मित्रांनो, कोणी मेलं नाही. नवऱ्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तो अंगणात पायरीवर बसला होता. मावशी त्या हातावर पाणी ओतत होती आणि त्याला बोलत होती, “बाईचं नाव घेऊन बसलात, तबकडी कोण बघणार? तीच असती तर तिने कान धरला असता तुमचा.”

“धरला असता,” तो म्हणाला.

भाची धावत आली. तिने मामाचा हात पाहिला. ती कॉम्प्युटरसमोर बसली. माझी टीप तिने पुन्हा वाचली. मग माझं कपाळ पाहिलं, आणि बराच वेळ तिथून नजर हलवली नाही.

“मामा, मी एक शब्द काढला होता.”

“कोणता?”

तिने त्याला सांगितलं. वरची, खालची, जपून ठेवलेलं उत्तर, सगळं. त्याला प्रोग्राममधलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. ती रडत म्हणाली, “टीप ठेवली हो मी मामीची. टीप ठेवली आणि शब्द काढला. तुमचं काही झालं असतं तर? नऊ बायका होत्या तिकडे.”

त्याने पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, “तुझी मामी दमायला लागली होती ना, तेव्हा मी तिला विचारलं होतं. बरी आहेस ना? ती म्हणाली, बरी आहे, जरा दमले. ते उत्तर मी घेतलं आणि ठेवून दिलं. कोणी विचारलं की तेच काढून द्यायचो. बरी आहे, जरा दमलीय. चार महिने तेच. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा...”

भाचीने टिपेत त्यापुढे काही लिहिलेलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, “शब्द परत लिही.”

तिने लिहिला. दोन अक्षरं. तेवढ्यात वरून हाक आली: दाब किती? मी जिना उतरलो. खालचीने आकडा दिला. मी तो वर नेला. दोन सेकंदांनी पुन्हा हाक आली. पुन्हा उतरलो. प्रत्येक खेपेला आकडा वेगळा होता, आणि तो वेगळा आहे याचाच मला आनंद होत होता. चाळीस ओळी परत आल्या, सगळ्या प्रोग्रामभर तेलाचे डाग परत पडले. त्यानंतर भाचीला ते कधी खटकले नाहीत.

बर्नरचं जुनं दाबाचं बटणही परत बसवलं. नवरा आता दर सोमवारी शिडी चढून दांडा ओढतो. रोज सकाळी एकाच फडक्याने आधी तबकडी पुसतो, मग पडदा. तरी मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. कारण माझ्या कपाळावर कोणी काहीही लिहू शकतं, आणि वरची ते खरं मानणार. मला स्वतःचं रक्षण करता येत नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कोणी असे प्रोग्राम लिहाल, कोणी बॉयलर सांभाळाल. माझ्यासारखा एखादा जुना दुभाष्या तुमच्या हाती आला, तर त्याची टीप वाचाच, पण त्याचं कपाळही वाचा. टीप जपली म्हणजे काम जपलं असं होत नाही. आणि जे उत्तर बदलू शकतं, ते एकदा विचारून पेटीत ठेवू नका, मग ते उत्तर यंत्राचं असो की माणसाचं.

आता रोज एक वाजता पडद्यावर ओळ येते: ‘दाब ठीक आहे. जेवून घ्या.’ नवरा ती वाचतो. मग उठून तबकडीचा काटा बघतो. मग खिडकी उघडून मावशीला विचारतो, पाइप शांत आहे ना? मावशी म्हणते, “आहे हो, आहे. जेवा आता, नाहीतर तुमचंच पाणी नाचायचं.” बर्नर बंद होतो. खोली शांत होते. तो डबा उघडतो, पण घास घेण्याआधी भाचीला फोन लावतो.

“बरी आहेस ना?”

“बरी आहे मामा. सकाळीच तर विचारलंत!”

“ते सकाळचं झालं,” तो म्हणतो. “आताचं सांग.”